धाकटा भाऊ म्हणतो, "मुलांना मागे ठेवून जाणार नाही" : हे कोणाला सांगावे?

लष्करवासी, ग्वाल्हेर

नमस्कार. विषय घरचा आणि नाजूक आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहे. लष्कर भागातील जुन्या घरात आई, मी, माझे कुटुंब आणि धाकटा भाऊ असे आम्ही राहतो. भावाच्या लग्नाला बारा वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात भावजय नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन मुरारला तिच्या भावाकडे राहायला गेली आणि आता तिने वकिलामार्फत परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा प्रस्ताव पाठवला आहे. भावाला कसलेही व्यसन नाही, नोकरी व्यवस्थित आहे आणि मुलांवर त्याचा अतोनात जीव आहे. त्याने बायकोवर हात उगारल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. मात्र तिचा पगार कोणत्या खात्यात जमा व्हावा, तिने फोनवर कोणाशी बोलावे, माहेरी किती दिवस थांबावे, हे सारे तोच ठरवत असे. दोन वर्षांपूर्वी एका भांडणात त्याने तिचा गळा धरला होता, असे तिने आईला सांगितले होते. आईने ती गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही.

ती गेल्यावर सुरुवातीचे काही महिने तो रडत असे, तिला सतत फोन करत असे, तिच्या कार्यालयाबाहेर जाऊन उभा राहत असे. मग एके रात्री तो आईला म्हणाला, "माझी मुले दुसऱ्याच्या दारात वाढणार नाहीत. मी गेलो तर त्यांना मागे ठेवून जाणार नाही." आईने "असले अभद्र बोलू नये" म्हणून त्याला गप्प केले. त्यानंतर तो एकाएकी शांत झाला. विम्याचे कागद, बँकेची पुस्तके आणि कपाटाच्या किल्ल्या त्याने एका पिशवीत भरल्या, प्रत्येक वस्तूवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली आणि ती पिशवी माझ्या खोलीत आणून ठेवली. वडिलांचे मनगटी घड्याळ त्याने माझ्या मुलाला देऊन टाकले. आता त्याने भावजयीला निरोप पाठवला आहे, की कागदांवर सही करतो, फक्त दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दोन दिवस एकट्याला ओरछ्याला घेऊन जाऊ दे. तो निवळला आहे असे वाटून ती होकार देण्याच्या बेतात आहे. आईचे म्हणणे, बाप आहे, मुलांबरोबर राहिला तर सावरेल.

आईला तो काय म्हणाला, हे भावजयीला माहीत नाही. मी सांगितले तर ते न्यायालयात त्याच्याविरुद्ध उभे राहील आणि मुले त्याला कायमची दुरावतील, या विचाराने जीभ उचलत नाही. न सांगावे तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झालेली परवान्याची बंदूकही याच घरात आहे. मी कोणाला, काय आणि कोणत्या क्रमाने सांगावे?

समुपदेशक, रामबाग, इंदूर

भावजयीला आजच सांगा, तिच्या भावाच्या उपस्थितीत सांगा, आणि आपल्या शब्दांत सौम्य करून न सांगता तो जे बोलला तेच शब्दशः सांगा. पिशवी, घड्याळ आणि ओरछ्याचा बेत हे तिन्ही त्याच वेळी सांगा, कारण सुटे सुटे पाहिले तर प्रत्येकाला काहीतरी निरुपद्रवी कारण सापडते. मुले दोन दिवस त्याच्या एकट्याच्या ताब्यात जाऊ नयेत, एवढे आधी पक्के झाले पाहिजे. बाकी सर्व विचार त्यानंतरचा.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, तेही सांगते. कुटुंब समुपदेशनाच्या कामात आम्हाला पहिला धडा असा मिळतो, की जोडीदारावर ताबा ठेवणाऱ्या माणसाच्या घरात सर्वांत धोक्याचा काळ भांडणांचा नसून ती घर सोडून गेल्यानंतरचा असतो. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५ मध्ये अशा धोक्याचा अंदाज घेण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. २००३ मध्ये त्यांचा ११ शहरांतील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात विभक्त होणे, जोडीदाराचा टोकाचा ताबा, जिवे मारण्याची पूर्वीची धमकी आणि हाताशी असलेली बंदूक या गोष्टी खुनाच्या घटनांत पुन्हा पुन्हा दिसल्या. एकट्या बंदुकीमुळे धोका पाचपटीने वाढतो, असे त्यांना आढळले. गळा धरण्याचा जो प्रसंग तुम्ही ओझरता लिहिला आहे, तो तर मला त्या रात्रीच्या बोलण्याइतकाच गंभीर वाटतो. जोडीदाराने पूर्वी गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून अधिक असते, असे २००८ च्या एका अभ्यासात दिसले होते. त्यामुळे "मारहाण कधी पाहिली नाही" या वाक्याचा आधार घेऊ नका. तिच्या पगारावर, फोनवर आणि माहेरच्या मुक्कामावर जो ताबा तुम्ही वर्णिला आहे, तोच हिंसेचा कणा असतो. मारहाण कधी असते, कधी नसते.

मुलांविषयी लिहिताना माझाही हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. फिलिप रेसनिक या मानसोपचारतज्ज्ञांनी आई-बापाच्या हातून झालेल्या मुलांच्या हत्यांची १९६९ मध्ये वर्गवारी केली. त्यात दोन कारणे अशी आहेत, की जी विभक्त झालेल्या बापाच्या मनात एकत्र नांदू शकतात : आपल्यामागे मुलांचे हाल होतील म्हणून त्यांना सोबत न्यावे ही भ्रामक माया, आणि बायकोला जन्मभर पुरेल असे दुःख द्यावे हा सूड. म्हणूनच "त्याचा मुलांवर जीव आहे" या गोष्टीने मला धीर येत नाही. मुले म्हणजे आपलाच अंश, आपल्याशिवाय त्यांना वेगळे आयुष्य नाही, असे ज्याच्या मनाने घेतले, त्याच्या मायेतूनच हा विचार उगवतो. ब्रिटनमध्ये १९८० ते २०१२ या काळात स्वतःचे कुटुंब संपवणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कुटुंब तुटणे हेच त्यात सर्वांत मोठे निमित्त निघाले, आणि त्यांतील अनेक जण शेजाऱ्यांच्या नजरेत कामसू नवरे आणि प्रेमळ बाप होते. अशा घटना सर्वांत जास्त ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या शाळांच्या सुट्टीत घडल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीचा बेत वाचून मला तेच आठवले.

त्याच्या शांत होण्याविषयी. जेन मंक्टन स्मिथ या संशोधिकेने ३७२ खुनांचा मागोवा घेऊन त्यांचे आठ टप्पे मांडले आहेत. वियोग आणि त्यानंतरची आदळआपट झाल्यावर एक टप्पा येतो, जिथे माणूस विनवण्या थांबवतो, कारण त्याच्या मनाने निर्णय घेतलेला असतो. तुमच्या भावाचा निर्णय झाला आहे, असे मी म्हणणार नाही. पण रडणे थांबणे, आवराआवर करणे आणि मुलांसह एकांत मागणे ही तिन्ही एकत्र आली असताना "सावरला" हा अर्थ काढणे कोणालाही परवडणार नाही.

आणि भावाशी बोला. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का? मुलांनाही सोबत नेण्याचा विचार आला आहे का?" असे सरळ, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट इतके दिवस एकट्याने वागवलेले ओझे बोलून दाखवायला जागा मिळते. वाद घालू नका, पाप-पुण्य काढू नका, आईची शपथ घालू नका. रात्री त्याच्या खोलीत कोणीतरी झोपा.

गृहस्थ, देवास

समुपदेशकबाईंच्या तळमळीविषयी मला आदर आहे, पण मला हे फार टोकाचे वाटते. माणूस खचला आहे, दुःखाच्या भरात एक वाक्य बोलून गेला, आणि त्यावरून घरचाच मनुष्य त्याला खुनी ठरवून सासुरवाडीच्या हवाली करणार असेल, तर तो खरोखरच टोकाचे काही करून बसेल. आमच्याकडे अशा वेळी दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसतात, सुनेला एकदा बोलावतात, दोघांना समोरासमोर मन मोकळे करू देतात. मुलांसाठी तिने एक पाऊल मागे घेतले, तर काय बिघडेल? पोलीस एकदा दारात आले, की घर कायमचे तुटते.

समुपदेशक, रामबाग, इंदूर

आपली काळजी खरी आहे आणि अनेक घरांत हाच विचार होतो, म्हणून सविस्तर उत्तर देते. दागिने, भांडीकुंडी, मुलांच्या शाळेचा खर्च यांसाठी वडीलधाऱ्यांनी जरूर बसावे. पण ज्याने मरणाची भाषा केली आहे, त्याच्यासमोर तिला "शेवटचे एकदा बोलून घे" म्हणून आणून बसवणे सर्वांत घातक. अशी शेवटची भेट मागितली जाते आणि घरातीलच सज्जन माणसे ती घडवून आणतात, हे मी कामात पाहिले आहे. शिवाय तिने मागे घेतलेल्या पावलाने धोका टळत नाही, तो पुढे ढकलला जातो, आणि या मुलांचा प्राण हे तिच्याशी घासाघीस करण्याचे साधन होऊन बसते. चार वर्षांच्या मुलाच्या जिवाची जबाबदारी त्याच्या आईने नांदायला येण्यावर अवलंबून ठेवणे मला मान्य नाही.

लष्करवासी भावाला खुनी ठरवत नाहीत. ते त्याच्या आणि मुलांच्या मध्ये काही काळ कोणीतरी उभे करत आहेत. यात भावाचाही जीव वाचतो, ही गोष्ट आपल्या बोलण्यातून निसटली आहे.

वकील, ग्वाल्हेर

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण लष्करवासींना ज्या गोष्टीचे भय वाटते, तिची तरतूद कायद्यात आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार हिंसा झाली आहे किंवा होण्याचा संभव आहे, असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते, आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतेही दायित्व येत नाही. जेठाने, म्हणजे थोरल्या दिरानेही कळवावे, अशीच ही रचना आहे.

भावजयीने याच कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत लागावी, असे कलम १२ सांगते, आणि निकड असल्यास कलम २३ खाली दुसऱ्या पक्षाला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. तिच्या घरी, कार्यालयात आणि मुलांच्या शाळेत येण्यास मनाई करणारा संरक्षण आदेश कलम १८ खाली मिळतो. त्याचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश कलम २१ खाली होतो आणि भेट मुलांच्या हिताला बाधक ठरेल असे दिसल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याचे काम जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण करते, त्यामुळे पैशासाठी अर्ज अडू देऊ नये. परस्पर संमतीचा अर्ज स्वतंत्रपणे चालू राहू शकतो. "सही हवी असेल तर मुले पाठव" अशी अट त्याने लेखी पाठवली असेल, तर तो संदेश पुसू नका, तारखेसह जपून ठेवा.

बंदुकीबाबत एक दिवसही घालवू नका. ती तुमच्या नावावर आहे, म्हणजे जबाबदारीही तुमची. निवडणुकीच्या काळात आपल्याकडे जशी पोलीस थान्यात जमा करतात, तशीच काडतुसांसह थान्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. घरातल्या घरात जागा बदलणे, किल्ली आईकडे देणे, हे उपाय नव्हेत. चंबळच्या या टापूत बंदूक घराण्याची शान समजली जाते, त्यामुळे आईला वाईट वाटेल, वाटू द्या.

तातडीचा प्रसंग आला तर ११२. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. थान्यातील ऊर्जा महिला डेस्कवर भावजयीने स्वतः जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

विश्वामित्रीकाठची, वडोदरा

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला राहिलेली बाई आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी दोन्ही मुलींना घेऊन घर सोडले, त्यानंतर माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला फोन करून सांगितले, की भाऊजींचे बोलणे बरे नाही, मुलींना त्यांच्याबरोबर एकटे पाठवू नकोस. त्यांना घरात त्याबद्दल फार ऐकून घ्यावे लागले. मी त्याच दिवशी १८१ अभयमला, म्हणजे गुजरातच्या महिला हेल्पलाइनला, फोन केला. गाडीतून आलेल्या समुपदेशक ताईंनी तासभर बसून माझ्याकडून एकेक गोष्ट वदवून घेतली आणि मला काय काय बदलावे लागेल ते सांगितले.

ते बदल असे होते : शाळेत मुख्याध्यापिकांना लेखी पत्र, की मुलींना माझ्याशिवाय आणि माझ्या आईशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये, मग येणारा सख्खा बाप असला तरी. रिक्षाकाकांनाही तेच. फोनमधील ठावठिकाणा दाखवणारी सोय बंद, जुन्या ईमेलचे परवलीचे शब्द नवे. शेजारच्या काकूंशी ठरले, की मी "दही विरजलं का?" असे विचारले, तर त्यांनी काही न बोलता ११२ ला फोन करायचा. बापाची भेट थांबवली नाही. ती न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत, कर्मचाऱ्यांच्या देखत होऊ लागली. पहिल्या भेटीला धाकटीने त्याच्यासाठी चित्र काढून नेले होते.

लष्करवासी, तुमची भावजय आज तुमच्यावर चिडेल, घाबरेल, कदाचित "इतके दिवस का लपवले" असेही विचारेल. तरीही सांगा. माझ्या जाऊबाईंशी माझे आजही येणे-जाणे आहे. सासरच्या घरातून मला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट तो फोन होता.

मानसोपचाराशी संबंधित, इंदूर

बाकीच्यांनी पुष्कळ लिहिले आहे, मी फक्त भावाच्या उपचारांविषयी लिहितो. त्याला "डॉक्टरकडे चल" म्हणण्याऐवजी "झोप येत नाही, जेवण जात नाही, त्यासाठी दाखवू या" म्हणावे. बहुतेक पुरुष या वाटेने तयार होतात. ग्वाल्हेरमध्ये मानसिक आरोग्यशाळा आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि त्यावर तुम्हीही, त्याचा भाऊ म्हणून, सल्ला विचारू शकता. डॉक्टरांना भेटताना त्याच्याआधी पाच मिनिटे वेगळे भेटा आणि मुलांविषयीचे त्याचे बोलणे त्यांना सांगा, कारण तो स्वतः ते बहुधा सांगणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार गंभीर धोका असल्यास त्याच्या संमतीशिवायही, कायद्याने घातलेल्या मर्यादेत, त्याला दाखल करून घेता येते.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि उपचार सुरू झाले म्हणून मुले एकट्याने पाठवायला हरकत नाही, असे होत नाही. नैराश्य बरे झाले, तरी बायकोवर हक्क गाजवण्याची वृत्ती औषधाने जात नाही.

लष्करवासी, ग्वाल्हेर

सर्वांचा ऋणी आहे. काल सायंकाळी पत्नीला बरोबर घेऊन मुरारला गेलो आणि भावजयीला तिच्या भावासमक्ष सर्व सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही; मग तिने गळ्याच्या प्रसंगासह आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आम्हाला ठाऊकच नव्हत्या. ओरछ्याचा बेत रद्द झाला आहे. नकार तिने स्वतः न कळवता वकिलामार्फत कळवावा, असे ठरले. बंदूक आज सकाळी थान्यात जमा केली.

रात्री भावाला समुपदेशकबाईंनी सुचवलेलाच प्रश्न विचारला. तो आधी संतापला, मग म्हणाला, "हो, येतात विचार." मुलांविषयी त्याने उत्तर दिले नाही. उद्या त्याला घेऊन मानसोपचार विभागात जात आहे आणि तोवर माझे अंथरूण त्याच्याच खोलीत आहे. आई माझ्याशी बोलत नाही.

वकीलसाहेबांना एक विचारायचे आहे. भावजय उद्या अर्ज करणार आहे. आईला तो जे बोलला, ते मी प्रत्यक्ष ऐकलेले नाही, आईकडून ऐकले आहे. माझ्या शपथपत्राचा काही उपयोग होईल का, की आईनेच सांगावे लागेल?

वकील, ग्वाल्हेर

आईंचे कथन अर्थातच अधिक वजनाचे, पण त्यांच्या तयारीसाठी थांबू नका. अंतरिम आदेशासाठी भावजयीचे स्वतःचे शपथपत्र पुरेसे असते. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी, म्हणजे चिठ्ठ्या लावलेली पिशवी, घड्याळ देणे, तिच्या कार्यालयाबाहेर उभे राहणे आणि काल रात्री त्याने तुम्हाला दिलेले उत्तर, एवढेच तुमच्या शपथपत्रात लिहा. आईकडून ऐकलेले वाक्य "आईने मला सांगितले" असे स्पष्ट म्हणून वेगळ्या परिच्छेदात द्या. पिशवीतील कागद आहेत तसेच राहू द्या, चिठ्ठ्या काढू नका, त्यांची छायाचित्रे घ्या. अर्ज सकाळच्या सत्रात दाखल व्हावा आणि त्याच दिवशी अंतरिम आदेशाची विनंती तोंडीही करावी. आदेशाची प्रत मिळताच एक थान्यात, एक शाळेत आणि एक तिच्या कार्यालयात पोहोचवा.